भूमिका वाटणारा हात कोणाचा?

मागच्या पंधरवड्यात आमच्या कार्यालयात एक मुलगी आली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून पुण्याला शिकायला आलेली, एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. वडील नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार. तिच्या हातात अंतर्गत परीक्षेच्या गुणांचा कागद होता. विषय औद्योगिक संबंध, गुण वीसपैकी सात. परीक्षा लेखी नव्हती, 'रोल प्ले'ची होती. म्हणजे वर्गातल्या विद्यार्थ्यांना मालक, कामगार, ठेकेदार, सरकारी अधिकारी अशा भूमिका वाटून द्यायच्या, एक तंटा समोर ठेवायचा आणि तो त्यांनी कसा सोडवला यावर गुण द्यायचे. ती म्हणाली, "सर, नापास झाले याचं एवढं वाईट वाटत नाही. कशासाठी झाले ते तेवढं बघा."

प्रसंग असा होता. एका कारखान्यात ठेकेदाराच्या कामगारांनी काम बंद ठेवले आहे. व्यवस्थापन आणि संघटना यांनी अर्ध्या तासात तोडगा काढायचा. शिक्षकांनी भूमिका वाटल्या. इंग्रजी शाळांतून आलेली, फाडफाड बोलणारी मुले झाली व्यवस्थापन. शिष्यवृत्तीवर शिकणारी चार मुले झाली कामगार संघटना, आणि त्यांची पुढारी झाली ही मुलगी. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपापल्या वर्गातल्या भूमिकांची यादी एकदा काढून पाहावी. खेळ सुरू झाला. व्यवस्थापनाच्या बाजूने 'उत्पादकता', 'शिस्त', 'कंपनीची प्रतिमा' असे शब्द येऊ लागले. ही मुलगी म्हणाली, "हजेरीपट आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याच्या पावत्या आधी टेबलावर ठेवा, मग पुढचं बोलू." समोरच्यांना हजेरीपट ही काय चीज असते हेच ठाऊक नव्हते. त्यांच्या भूमिकेच्या कागदावर ते लिहिलेले नव्हते. तिच्याही कागदावर नव्हते, पण तिच्या घरात होते. दर महिन्याच्या सात तारखेला बाप कोणासमोर उभा राहतो आणि कुठे अंगठा उठवतो, हे पाहत ती वाढली. तिने अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत समोरच्यांना निरुत्तर केले. शिक्षकांनी खेळ थांबवला आणि शेरा मारला: भूमिकेत राहता आले नाही, भावनिक झाली, भाषा कच्ची.

आता यात भावनिक काय होते? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. मजुरी वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे, हेही त्या कायद्यात होते. म्हणजे या मुलीने जे मागितले ते कायद्याला धरून होते आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने पहिल्या पाच मिनिटांत तेच मागायला हवे होते. ज्या वर्गात योग्य प्रश्न विचारणारी नापास होते आणि ज्यांना प्रश्नच कळला नाही ते पास होतात, त्या वर्गात व्यवस्थापन शिकवले जाते की व्यवस्था, असा आमचा सवाल आहे.

तिने आम्हाला विचारले, या रोल प्लेच्या विरोधात निवेदन द्यायचे का? आम्ही नको म्हणालो. पद्धतीवर आमचा राग नाही. पद्धत चांगली आहे, आणि आमच्या मुलांना तर ती अधिक मिळाली पाहिजे.

तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना टेबलावर लुटुपुटूची लढाई खेळायला लावून शिकवत. तेच तंत्र १९५६ च्या सुमारास अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने धंद्याच्या शिक्षणात आणले. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या एम.आय.टी.मध्ये 'बिअर गेम' निघाला. त्यात किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात. गिऱ्हाईकाची मागणी जराशी वाढते, पण चौघे एकमेकांशी बोलत नसल्याने कारखान्यापर्यंत जाता जाता तिचा डोंगर होतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, खेळून कळते. आपल्याकडे १९६१ साली अहमदाबादची आय.आय.एम. हार्वर्डच्या आणि कलकत्त्याची एम.आय.टी.च्या मदतीने उभी राहिली. १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्टॅनफर्डच्या मदतीने आली. त्यांच्याबरोबर या पद्धतीही आल्या आणि हळूहळू जिल्ह्याच्या गावातल्या एम.बी.ए. कॉलेजांपर्यंत पोहोचल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकवण्यावर भर दिल्यापासून तर प्रत्येक कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत 'रोल प्ले', 'सिम्युलेशन' हे शब्द झळकू लागले आहेत.

पण ही पद्धत साता समुद्रापलीकडून आली आणि आपल्याला ती नवी आहे, असे आमच्या तरुणांनी समजू नये. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. अडाणी कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो हे त्यांनी पात्रांच्या तोंडून दाखवले, आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राईज कमिटीने ते नाकारले. का नाकारले हे सांगायला नको! पुढे सत्यशोधक जलसे आले. त्यानंतर भीमराव कर्डकांच्या पिढीने आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यात आमचीच माणसे सावकार होत, भटजी होत, गावचा पाटील होत. ज्याच्यापुढे दिवसभर वाकायचे त्याचीच भूमिका रात्री कंदिलाच्या उजेडात करायची, आणि त्याचे डावपेच आतून समजून घ्यायचे. याला रोल प्ले नाही तर दुसरे काय म्हणावे?

बाबासाहेबांनी तर ही पद्धत कॉलेजात नेली. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि तिथे विद्यार्थ्यांची संसद भरू लागली. १९५० च्या जानेवारीत देशाचे कायदेमंत्री असताना बाबासाहेबांनी या विद्यार्थी संसदेपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. खऱ्या संसदेत ज्या विधेयकावरून वादळ उठले होते, ते त्यांनी मुलांच्या संसदेत नेऊन मांडले. खोटी संसद म्हणून त्यांनी तिला हलके लेखले नाही. १९५६ साली त्यांनी राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली, तीत अवघे पंधरा विद्यार्थी होते. राज्यकारभार हा शिकून आणि सराव करून येणारा विषय आहे, जन्माने येणारा नाही, हे त्यांचे ठाम मत होते. मनुस्मृतीच्या नेमके उलट.

तेव्हा प्रश्न पद्धतीचा नाही. भूमिका लिहितो कोण, वाटतो कोण आणि खेळ संपल्यावर फळ्यासमोर उभे राहून त्याचा अर्थ सांगतो कोण, हा प्रश्न आहे.

याचे उत्तर अमेरिकेतल्याच एका खेळाने दिले आहे. गॅरी शर्ट्‌स या गृहस्थाने १९६९ साली 'स्टारपॉवर' नावाचा खेळ तयार केला. तो व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातही वापरतात. सगळ्यांना रंगीत टिकल्या वाटतात, प्रत्येक रंगाची किंमत वेगळी. त्यांची अदलाबदल करून गुण मिळवायचे. पहिल्या फेरीनंतर गुणांप्रमाणे तीन गट पडतात: चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोण. खेळणाऱ्यांना वाटते की आपण सौदा चांगला केला म्हणून चौकोनात बसलो. खरे असे की पुढच्या प्रत्येक फेरीत चौकोनांच्या पिशवीत भारी टिकल्या जास्त भरलेल्या असतात, आणि हे कोणाला सांगितलेले नसते. थोड्या वेळाने खेळ घेणारा जाहीर करतो की चौकोनांनी फार चांगली कामगिरी केली आहे, तेव्हा यापुढचे नियम त्यांनीच करावेत. बहुतेक वेळा चौकोन असे नियम करतात की त्यांची जागा कोणी घेऊ शकू नये. त्रिकोण आधी विनवण्या करतात, मग भांडतात, काही जण खेळ सोडून खिडकीबाहेर बघत बसतात. चौकोनात बसलेले म्हणतात, यांना खेळायचेच नाही, यांच्यात ती कुवतच नाही.

वाचकांना आता आणखी काही सांगण्याची गरज आहे का? २००६ साली उच्च शिक्षणातल्या ओबीसी आरक्षणाविरुद्ध रस्त्यावर झाडू घेऊन उतरलेल्या 'गुणवंतां'ना आम्ही पाहिले आहे. पिशवीत कोणत्या टिकल्या भरल्या आहेत हे त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि झाडू कोणाच्या हातात पिढ्यानपिढ्या दिला गेला हे पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. आमचे म्हणणे एवढेच की महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात पहिल्या आठवड्यात हा खेळ घ्यावा. टिकल्या कागदाच्या कापल्या तरी चालतील.

अर्थात अशा खेळात धोकाही आहे, तो झाकून ठेवणे बरोबर नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी आयोवा राज्यातल्या राइसव्हिल या छोट्या गावात जेन एलियट या शिक्षिकेने आपल्या तिसरीच्या वर्गात मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले. एक दिवस निळ्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ, दुसरा दिवस तपकिरी डोळ्यांची. काही तासांतच 'श्रेष्ठ' मुले आपल्या मित्रांना टोचू लागली आणि 'कनिष्ठ' ठरवलेली मुले अभ्यासात अडखळू लागली. कालपर्यंत घडाघडा वाचणारे मूल आज चुकू लागले, कारण त्याला सकाळी सांगितले गेले होते की तू खालचा आहेस. जातीव्यवस्थेवरच्या किती प्रबंधांतून जे सिद्ध करावे लागते ते एका वर्गात एका दिवसात दिसले. एलियट बाईंनी पुढे मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांनाही हा अनुभव दिला. त्यांच्यावर टीकाही खूप झाली, लहान मुलांना असा त्रास का द्यायचा म्हणून. टीका अगदीच गैरलागू नव्हती. पण निळ्या डोळ्यांच्या मुलाचा त्रास संध्याकाळी संपणार होता. ज्यांचा संपत नाही त्यांच्याबद्दल तेवढी कळकळ का दाटून येत नाही, हे आम्हाला कधी कळले नाही.

आमच्या वर्गांत धोका वेगळ्या रीतीने येतो. सवर्ण मुलाला तासभर दलिताची भूमिका देतात. तो डोळे पुसतो, टाळ्या घेतो आणि आपल्याला जात समजली असे मानून कॅन्टीनमध्ये जातो. किंवा उलट, आमच्या मुलालाच दलिताची भूमिका देतात. त्याने ती का करावी? तो ती घरून करूनच आलेला असतो. त्याला जनरल मॅनेजर करा, भागधारकांपुढे उभे करा, कोट्यवधींचा ताळेबंद त्याच्यापुढे टाका. आणि ज्याचा बाप कारखानदार आहे त्याला ठेकेदाराच्या रांगेत उभे करा. भूमिकांची अदलाबदल केली तरच ही पद्धत शिकवते. नाहीतर ती गावच्या बलुतेदारीची वातानुकूलित आवृत्ती होते, ज्याने त्याने आपापले काम करावे.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर नोकरीच्या मुलाखतीकडे पाहा. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मुलाखतीचा रोल प्ले हमखास असतो. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले, बदलले ते फक्त नाव-आडनाव. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे कमी आले. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन लिहिले होते. सगळेच गुणवत्तेची भाषा बोलत होते आणि उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र सगळ्यांनाच जाणून घ्यायची होती. "घरी कोण कोण असतं, वडील काय करतात?" प्रश्न साधा दिसतो. आमच्या मुलाच्या घशात तो घासासारखा अडकतो. आता वर्गातल्या सरावात हा प्रश्न कसा शिकवतात? उमेदवाराला आत्मविश्वासाने उत्तर द्यायला शिकवतात. मुलाखत घेणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा नसतो, कारण कामाशी त्याचा संबंध नाही, हे शिकवलेले आम्ही तरी ऐकले नाही. रोल प्लेमध्ये खुर्चीच्या दोन बाजू असतात. आमच्या मुलांना नेहमी एकाच बाजूचा सराव दिला जातो.

शिकवायला प्रसंग नाहीत असेही नाही. मुंबई महापालिकेचे उदाहरण घ्या. कचरा उचलणाऱ्या कामगारांना वर्षानुवर्षे 'स्वयंसेवक' आणि त्यांच्या मजुरीला 'मानधन' म्हटले गेले, म्हणजे मालक-नोकर हे नातेच कागदावरून पुसले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम नोकरीचा हक्क मिळाला. एका शब्दाने माणसाचा पगार, रजा, निवृत्तिवेतन कसे गिळता येते हे शिकवायला याहून चांगला धडा नाही. पण आमच्या मुलांना शिकागोच्या आणि डेट्रॉइटच्या कारखान्यातले तंटे खेळायला लावतात.

आणि महाड? १९२७ चा महाड सत्याग्रह हा आमच्या दृष्टीने व्यवस्थापनाच्या अभ्यासाचाही विषय आहे, हे म्हटल्यावर काही जण भुवया उंचावतील. पण वस्तुस्थिती पाहा. मार्चच्या परिषदेला हजारो माणसे येणार आणि गावातले पाणी त्यांना बंद. चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेला सवर्ण जागा देईनात, फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचा नाही असे ठरवल्याने धान्यसामान बाहेरून आधीच आणून ठेवावे लागले. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी समुद्रमार्गे येऊन दासगावच्या बंदरावर उतरले. त्याच दिवशी, २५ डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर जाण्याला सवर्णांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता. साडेतीन हजारांवर सत्याग्रही नावे नोंदवून तुरुंगात जायला तयार, कलेक्टर मंडपात येऊन समजावतो आहे, मार्चमध्ये झालेल्या मारहाणीच्या जखमा ताज्या. काय करायचे? हुकूम मोडला तर आजवर निदान तटस्थ असलेले सरकार अंगावर येणार. थांबावे तर पेटलेली माणसे निराश होणार. शेवटी सत्याग्रह तहकूब झाला, गावातून शिस्तीने मिरवणूक निघाली आणि लढा कोर्टात गेला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आमच्या बाजूने लागला.

हा प्रसंग वर्गात ठेवा. पुरवठा, पैसा, वाहतूक, कायदा, माणसांचा क्षोभ, सगळे त्यात आहे. एका गटाला स्वागत समिती करा, एकाला तरुण सत्याग्रही, एकाला कलेक्टर कचेरी, एकाला व्यापारी. दोन तासांत निर्णय घ्यायला सांगा. बाबासाहेबांची भूमिका मात्र कोणालाही देऊ नका. भक्तीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, ती भूमिका वर्गात आली की बाकीचे विचार करणे सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसतील. आमच्या चळवळीत हे आधीच पुष्कळ झाले आहे.

चळवळीचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरातलेही बोलले पाहिजे. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो बांधवांच्या जेवणा-पाण्याची सोय, गावोगावच्या विहारांचे हिशेब, हे सारे आमची माणसे कोणतीही पदवी न घेता पार पाडतात. पण बैठक कशी चालवायची, मतभेद कसा नोंदवायचा, हिशेब सभेपुढे कसा ठेवायचा, अध्यक्षपद कसे सोडायचे, याचा सराव आम्ही कोणाला देत नाही. अध्यक्षपद सोडण्याचा तर नाहीच. रिपब्लिकन ऐक्याचे रोल प्ले आम्ही इतके पाहिले की संवाद पाठ झाले आहेत, शेवटी प्रत्येक पात्र आपापला गट घेऊन विंगेत जाते. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास मुलांकडून मुलाखतीचा, बँकेत कर्ज मागण्याचा, ग्रामसभेत उठून बोलण्याचा सराव करून घेतला तर त्याला खर्च किती? चार कागद आणि एक पेन. संगणकावरच्या सिम्युलेशनला परवान्याची फी लागते, याला लागत नाही. आमच्यातले निवृत्त बँक अधिकारी, कामगार आयुक्त कार्यालयातले कर्मचारी, वकील यांनी समोरच्या खुर्चीत बसावे. आमचा मुलगा पहिल्यांदा चुकायचा तो विहारात चुकावा.

विद्यापीठांकडे आमच्या मागण्या आहेत. रोल प्लेच्या भूमिका चिठ्ठी टाकून वाटाव्यात आणि सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंना बसवावे. मराठीतून बोलण्याची मुभा असावी. ज्या व्यवस्थापकाला उद्या चाकणच्या आणि बुटीबोरीच्या कामगारांशी बोलायचे आहे त्याला मराठी येणे हा दोष कसा? गुण कशाचे, हे आधी लेखी सांगावे: माहिती, कायदा, तोडगा की उच्चार. आणि खेळानंतरची चर्चा, जी या पद्धतीचा प्राण आहे, ती घाईघाईत शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नये. त्या चर्चेसाठी फळ्यापुढे उभे राहणारे प्राध्यापकही आमच्यातले असले पाहिजेत. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या अध्यापकपदांना आरक्षण दिले, तरी व्यवस्थापन संस्थांत या जागा भरण्याची टाळाटाळ अजून थांबत नाही. ही टाळाटाळ कोणत्या पिशवीतल्या टिकल्या राखण्यासाठी चालते हे स्टारपॉवर खेळलेला विद्यार्थी सांगू शकेल.

त्या मुलीने फेरतपासणीचा अर्ज केला आहे. आमच्या एका वकील मित्राने त्याला १९७० च्या कायद्यातली संबंधित कलमे जोडून दिली. तिच्या बरोबर संघटनेत बसलेल्या तिघांनी सह्या केल्या आहेत, आणि व्यवस्थापनाच्या बाजूला बसलेल्या एका मुलानेही. हजेरीपटाचे आपल्याला खरोखरच माहीत नव्हते आणि ती बरोबर होती, असे त्याने खाली लिहिले आहे. अर्ज सोमवारी विभागप्रमुखांकडे गेला. उत्तर आले की ते आम्ही याच जागी छापू.